ओळखीच्या चार नावांपलीकडची रेड वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी आठ जण जमतात. मध्ये दोन बाटल्या, शेजारी वाट्यांची रांग, प्रत्येकापुढे एक वही. नियम एकच: त्या दिवशी शिराज आणि कॅबर्ने नाही. नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कमी ओळखीची द्राक्षं म्हणजे नेमकी कोणती?

जगात वाइनसाठी तेराशेहून जास्त जातींची द्राक्षं व्यापारी तत्त्वावर पिकवली जातात. आपल्या दुकानातल्या लाल बाटल्यांच्या फळीवर नजर टाका: कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराज, मर्लो, कधी पिनो न्वार, कधी माल्बेक. तिथेच यादी संपते.

बाकीची द्राक्षं आपल्याला ठाऊक नाहीत, एवढंच. त्यांच्या गावी ती चांगली नावाजलेली आहेत. मुळशी-मावळातला आंबेमोहोर दिल्लीच्या दुकानदाराला माहीत नसतो, म्हणून आपल्या घरातली त्याची किंमत कमी होत नाही. जॉर्जियातल्या माणसाला सापेराव्ही आणि सिसिलीतल्या माणसाला नेरो दाव्होला आपल्या आंबेमोहोराइतकेच जवळचे असतात.

मला कॅबर्ने आवडते. मग दुसरीकडे कशाला जायचं?

आवडते तर पीत राहा. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅबर्ने कुठेही रुजते, कुठेही तिचा स्वभाव टिकवते आणि म्हणूनच ती जगभर पोचली. काही द्राक्षांना हे जमत नाही. ती एका मुलखाला धरून राहतात आणि तिथे जे करून दाखवतात ते दुसऱ्या कुणाला साधत नाही.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझे लावतात. काळी राख, लाव्ह्याच्या दगडांचे बांध, वर धुमसणारा डोंगर. वाइन मात्र फिकट लाल, अंगाने सडपातळ, वासाला सुकलेली चेरी आणि रानातल्या झुडपांसारखी. आपला दख्खनचा काळा दगडही लाव्ह्याचाच, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या दगडाची चव पेल्यात उतरते असं मी म्हणणार नाही. पण सिंहगडाच्या वाटेवर काळा कातळ हाताला लागला की मला ती बाटली आठवते, हे खरं आहे.

सुरुवात कुठून करू?

जे आवडतं त्याच्या शेजारून. एकदम टोकाला गेलात तर पहिल्याच घोटाला कंटाळाल.

शिराजमधला मिरीचा झणका आवडत असेल, तर तो येतो कुठून ते आधी ऐका. रोटंडोन नावाचा एक रेणू आहे. शिराजमधला मिरीसारखा वास त्याचाच आणि काळ्या मिरीतही तोच असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. आमच्या गटातही असा एक जण आहे. त्याला आम्ही दोन वर्षं उगाच टोकत होतो. हाच रेणू ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीच्या स्क्योपेत्तीनोमध्ये भरपूर असतो. ही जात जवळजवळ नामशेष झाली होती. १९७० च्या दशकात तिथल्या काही लोकांनी उरलेल्या वेली शोधून तिला पुन्हा उभं केलं. ऑस्ट्रियाची ब्लाउफ्रँकिशही शिराजवाल्यांना लवकर आवडते. तिच्यात मिरी आहे, आंबटपणा आहे आणि जडपणा कमी आहे.

कॅबर्नेवाल्यांनी तिच्या घरातच चौकशी करावी. कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां या काळ्या आणि सोव्हिन्यों ब्लां या हिरव्या द्राक्षाच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात डीएनए तपासून १९९० च्या दशकात हे उघड झालं. मर्लो आणि कार्मेनेर यांच्या कुंडलीतही कॅबर्ने फ्रां पालक म्हणून बसलेली आहे. एवढी लेकरं नावारूपाला आली आणि आई मागे राहिली. मला तिच्याबद्दल विशेष माया आहे: ढोबळी मिरचीचा हलका वास, ताज्या पाल्याचा गारवा आणि मुलीपेक्षा मऊ हात.

पिनो न्वारसारखं हलकं काही हवं असेल तर सिसिलीची फ्राप्पातो, उत्तर इटलीतली स्कियाव्हा किंवा दक्षिण फ्रान्सची सँसो घ्या. गामेही घ्या. बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ मध्ये या द्राक्षाला बेइमान ठरवून आपल्या मुलखातून उपटायला लावलं होतं. ते दक्षिणेला बोझोलेत गेलं आणि तिथे सुखात नांदलं.

आणि काळीभोर, भारदस्त वाइन हवी असेल तर सापेराव्ही, नैऋत्य फ्रान्सची ताना, दक्षिण इटलीतली आल्यानिको. या मात्र जेवणाबरोबरच.

लेबलवर ब्लॅककरंट, व्हायलेट, सीडर असं लिहिलेलं असतं. मला काहीच येत नाही. माझं नाक कमी पडतं का?

नाक उत्तम आहे. जे फळ आपण कधी हातात धरलं नाही, त्याचा वास आपल्याला कसा आठवणार? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर द्यायलाच मी हे सगळं लिहायला बसले.

मीही पहिली काही वर्षं इंग्रजी शब्दांची यादी शेजारी ठेवून वास शोधत होते. परीक्षेसारखं वाटायचं. मग एका मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी एका मावशींकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली. गाडीत बसून खाल्ली. दाताखाली साल फुटली, आधी गोड, मग आंबट, शेवटी टाळूला चिकटणारा थोडा चीक. त्याच आठवड्यात मेन्सियाची एक बाटली उघडली होती, स्पेनच्या वायव्येकडच्या बिएर्सोची. पहिल्याच घोटाला हात थांबला. करवंद! ज्याला इंग्रजी पुस्तकं रानटी लाल फळ म्हणत होती, ते माझ्या ओळखीचं निघालं.

त्या दिवसापासून आमच्याकडे वाट्या मांडतात. एका वाटीत आमसूल, एकीत ठेचलेली मिरी, एकीत खारीक, एकीत काळी मनुका, एकीत गुलकंद, एकीत पानाचा कात, एकीत कातरलेली सुपारी. हंगामात मंडईतून जांभळं आणि करवंदं. एका वाटीत कोरडी माती घेऊन वर चार थेंब पाणी. आधी पेल्याचा वास घ्यायचा, मग वाट्यांवरून नाक फिरवायचं, मग पुन्हा पेला. पंधरा मिनिटांत ज्याला काहीच येत नव्हतं तो माणूस वाद घालायला लागतो.

आमच्या वहीतल्या काही नोंदी देते. सापेराव्ही: पिकलेलं जांभूळ आणि शाई. नेरेल्लो: आमसूल, धुरकट दगडफूल. ग्रीसची क्सिनोमाव्रो: वाळवलेला टोमॅटो, कात, मागाहून गुलकंद. ताना: काळी मनुका आणि सुपारीचं खांड. नेरो दाव्होला: गोड करवंद, चिमूटभर सुंठ. तुमच्या वहीत दुसरं काही येईल. तेच लिहा.

तुरटपणा सोसत नाही. मग रेड वाइन माझ्यासाठी नाहीच?

तुरट हा शब्द आपल्याकडे आहे, यातच अर्धं काम झालं. आपल्या सहा रसांत कषाय मोजलेला आहे. आवळा, कच्चं केळं, डाळिंबाची साल, सुपारी हे सगळं आपण लहानपणापासून ओळखतो. कडू आणि तुरट यांत फरक आहे. कडू ही चव आहे, तर तुरट हा जवळजवळ स्पर्श. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचं वंगण कमी होतं आणि जीभ खरखरीत वाटते.

प्रत्येक जातीत हे कमी-जास्त असतं. फ्राप्पातो, स्कियाव्हा, गामे यांत टॅनिन कमी. रंगावरून मात्र अंदाज बांधू नका. वायव्य इटलीतली नेब्बियोलो आणि ग्रीसची क्सिनोमाव्रो दिसायला फिकट, पण तुरटपणात भल्याभल्या काळ्या वाइनला मागे टाकतात. आणि तुरट वाइन कोरडी पिऊन तिच्याबद्दल मत बनवू नका. मटणाच्या रश्शातली चरबी आणि प्रथिनं तोंडात असली की टॅनिनला चिकटायला लाळेखेरीज दुसरं काही मिळतं. मग तीच वाइन गुळगुळीत लागते.

ही नावं उच्चारायची कशी?

जमेल तशी. दुकानात बाटलीकडे बोट दाखवलं तरी चालतं. नावांचे अर्थ समजले की ती आपोआप लक्षात राहतात. क्सिनोमाव्रो म्हणजे 'आंबट काळं'. तुर्कस्तानातलं ओक्यूझग्योझ्यू म्हणजे 'बैलाचा डोळा', मणी तेवढे टपोरे असतात. त्याचं जोडीदार बोआझकेरे म्हणजे 'घसा जाळणारं'. फ्रिउलीतलं तात्सेलेंगे म्हणजे 'जीभ कापणारं', आणि एकदा प्यालात की त्या शेतकऱ्यांनी नाव किती नेमकं ठेवलं ते कळतं. सापेराव्ही म्हणजे 'रंग देणारं'. तेंप्रानियो 'लवकर' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलं, कारण ते लवकर पिकतं.

एकाच द्राक्षाला वेगवेगळी नावं असतात म्हणे?

असतात, आणि त्यामागच्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

झिनफँडेल हे कॅलिफोर्नियाचं आपलं द्राक्ष मानलं जायचं. इटलीच्या दक्षिणेतली प्रिमितीव्हो हुबेहूब तशीच निघाली. मग मूळ कुठलं? डेव्हिसच्या कॅरोल मेरेडिथ यांनी झाग्रेब विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर क्रोएशियाचा किनारा पालथा घातला. २००१ मध्ये काश्तेल नोवी गावातल्या एका जुन्या बागेतली वेल डीएनएशी जुळली. तिथे तिचं नाव त्सरल्येनाक काश्तेलान्स्की, आणि त्याहून जुनं नाव त्रिबिद्राग. मुळात जिथली, तिथे मोजक्या वेली उरल्या होत्या आणि परदेशात तिच्या नावावर मोठा धंदा चालू होता.

दुसरी गोष्ट कार्मेनेरची. फ्रान्समधल्या बोर्दोत ती लावत असत. १८६० च्या दशकानंतर फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा लागवड झाली तेव्हा कार्मेनेरला कुणी विचारलं नाही, कारण ती उशिरा पिकते आणि फळ कमी धरते. सगळ्यांनी तिला संपली असं मानलं. पण तिच्या काड्या किडीच्या आधीच चिलीत पोचल्या होत्या आणि तिथे मर्लोच्या बागांत मिसळून वाढत होत्या. चिलीवाल्यांना वाटायचं, आपली मर्लो जरा निराळी. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने पानं-फुलं निरखून सांगितलं की ही मर्लो नव्हे, ही कार्मेनेर. शंभर वर्षांहून अधिक काळ एक द्राक्ष दुसऱ्याच्या नावाने जगत होतं. मला ही तारीख पाठ आहे. दर नोव्हेंबरला आम्ही तिचीच बाटली उघडतो.

महाराष्ट्रात अशी द्राक्षं कुणी लावली आहेत का?

लावली आहेत, आणि पुण्याच्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. परदेशी बाटलीच्या निम्म्या खर्चात तुम्हाला द्राक्ष भेटतं आणि मनात आलं तर बागही बघता येते.

नाशिककडे सुला या वाइनरीने झिनफँडेल लावली. निफाडच्या रेव्हेलोने सिसिलीची नेरो दाव्होला आणली. तिचा मूळ मुलूख कडक उन्हाचा, त्यामुळे ही निवड मला शहाणपणाची वाटते. दिंडोरी तालुक्यातल्या चारोसाने तेंप्रानियो करून दाखवली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीने इटलीची सांजोव्हेझे लावली. त्यांच्या 'सेत्ते' नावाच्या वाइनमध्ये ती कॅबर्नेबरोबर मिसळलेली आहे. कॅबर्ने फ्रांही त्यांच्याकडे आहे. कर्नाटकात हंपीजवळ क्रस्मानेही सांजोव्हेझे केली. दर वर्षी प्रत्येक बाटली बाजारात असतेच असं नाही, दिसली की घेऊन ठेवावी.

पुणे जिल्ह्याचाही यात मान आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन केली आणि ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशात गेली. तेव्हा नाशिकच्या वाइनचं नावही कुणी घेत नव्हतं. पुढे दौंड तालुक्यात रोटी गावाजवळ वाइनरी उभी राहिली, तुकोबांची पालखी जो घाट चढते त्याच्या परिसरात.

इथे लागवड करणं सोपं नाही. युरोपात वेल थंडीत झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. द्राक्ष पिकतं जानेवारी ते मार्चमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, नंतर भुरी या दुसऱ्या बुरशीची धास्ती. नवी जात लावायची म्हणजे तिचं वागणं कळेपर्यंत चार-पाच हंगाम पदरचे घालायचे. २००१ मध्ये राज्याने वाइनसाठी वेगळं धोरण आणलं तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी हौसेने वाइनची द्राक्षं लावली, आणि २००८ नंतरच्या मंदीत उठाव नाही म्हणून त्यातल्या अनेकांनी ती उपटून पुन्हा खायची द्राक्षं धरली. हे लक्षात घेतलं की नेरो दाव्होलाची इथली एक बाटली हातात आल्यावर तिच्यामागचं धाडस दिसतं.

खायच्या द्राक्षांची रेड वाइन का करत नाहीत?

थॉमसन, सोनाका, शरद ही खायला म्हणून निवडलेली द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. रेड वाइनला रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बीतून मिळतो, म्हणून तिथे बारका मणी, जाड साल आणि बी हवी. गोडीही जास्त लागते.

एका फेब्रुवारीत नारायणगावकडच्या ओळखीच्या बागेत गेले होते. बागायतदार काकांनी शिराजचा एक मणी तोंडात घालायला दिला आणि म्हणाले, "गर गिळून टाका, साल चावत राहा." साल मिनिटभर चावल्यावर तोंड जांभळं झालं, कोरडं पडलं. मग बी. ती तपकिरी झालेली होती, दाताखाली कडकन फुटली. "हिरवी असती तर अजून आठवडा थांबलो असतो," असं ते म्हणाले. ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजायचं यंत्र त्यांच्या खिशात होतं, पण काढणीचा दिवस त्यांनी त्या आवाजावरून ठरवला.

पुण्यात नव्या जाती तयार होतात, हे खरं का?

खरं आहे, आणि पुणेकरांनाच ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ ही जात काढली. कटॉबा हे अमेरिकी कुळातलं द्राक्ष आणि ब्यूटी सीडलेस हे युरोपीय कुळातलं, यांचा हा संकर. बुरशीला ती सहजी बळी पडत नाही, ११० ते १२० दिवसांत तयार होते, रसाला, जॅमला आणि रेड वाइनलाही चालते. अमेरिकी कुळातल्या द्राक्षांचा एक खास वास असतो, बेंगळुरू ब्लूचा असतो तसा, लहानपणीच्या द्राक्षाच्या गोळीची आठवण करून देणारा. वाइनवाले नाक मुरडतात. मला वाटतं, फवारण्या कमी लागणाऱ्या द्राक्षाकडे इतक्या घाईने पाठ फिरवू नये.

दुसरी संस्था मांजरीची, १९९७ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. त्यांची मांजरी मेडिका ही जात पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून आली. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून पांढुरका असतो. रस पिळला तर तो फिका निघतो आणि सालीबरोबर आंबवल्यावरच लाल होतो. मेडिकाचा गर मात्र आतूनच लाल. ही जात रसासाठी काढलेली आहे, पण जॉर्जियाची सापेराव्ही ही लाल गराची एक प्रसिद्ध वाइन-जात, आणि म्हणून मला या दोघी लांबच्या बहिणी वाटतात.

सापेराव्हीचं इतकं कौतुक का?

कारण ती जिथून येते तिथे वाइन सगळ्यात जुनी आहे. जॉर्जियात सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांवर सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनच्या खुणा मिळाल्या. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे अजूनही क्वेव्री नावाचे अंड्याच्या आकाराचे मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात वाइन आंबवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली. आपल्या जुन्या वाड्यांत जमिनीत पुरलेले रांजण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

या बाटल्या पुण्यात सहज का मिळत नाहीत?

आयात वाइनवर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. शिवाय प्रत्येक लेबलची राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे नोंदणी करावी लागते. आयातदार मग खपणाऱ्या नावांवरच पैसे लावतो. मोठ्या वाइन शॉपमध्ये विचारत राहा. तीन गिऱ्हाइकांनी एकच नाव विचारलं की मालक पुढच्या ऑर्डरमध्ये ते टाकतो, हा अनुभव आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना चॉकलेटऐवजी एक बाटली सांगा. आणि आपल्याकडे दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो, तो काढून ठेवा.

घेताना एक बघा. मी एकदा हौसेने आल्यानिकोची बाटली घेतली, बऱ्यापैकी पैसे मोजून. दुकानाच्या दर्शनी काचेत ती उभी होती, दुपारचं ऊन थेट अंगावर. घरी उघडली तर वास शिजवलेल्या मनुकांचा, चव मेलेली. आता मी आतल्या अंधाऱ्या फळीवरची, आडवी ठेवलेली बाटलीच मागते.

पुण्याच्या उन्हाळ्यात रेड वाइन थंड करायची की नाही?

करायची. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता, जिथे खोली १६ ते १८ अंशांवर असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३८ च्या पुढे जातो. त्या उष्णतेत नुसता अल्कोहोल नाकात जातो. फ्रिजमध्ये तास-सव्वा तास, थंडीच्या दिवसांत वीस मिनिटं. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या पातेल्यात पंधरा मिनिटं. फ्राप्पातोसारख्या हलक्या वाइन १२-१४ अंशांपर्यंत नेल्या तरी खुलतात.

उघडलेली बाटली कॉर्क लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, तुरट आणि आंबट जाती आणखी एखाद-दोन दिवस.

आपल्या जेवणाबरोबर काय जुळतं?

इथे मी हट्टी आहे. चीजची थाळी मांडून बसण्याची गरज नाही.

तिखटापासून सुरुवात करू. मिरचीची आग अल्कोहोलने आणि टॅनिनने भडकते. म्हणून मिसळीबरोबर ताना उघडली तर दोन्ही वाया. मिसळीबरोबर मला ताकच बरं वाटतं. तांबडा रस्सा असेल तर गार केलेली, कमी तुरट, फळांच्या वासाची एखादी गामे किंवा फ्राप्पातो.

गोडा मसाला हा खरा मित्र. भरली वांगी घ्या: दाण्याचा कूट, तीळ, खोबरं, चिंच-गूळ आणि दगडफुलाचा धुरकट वास. तिच्याशेजारी सांजोव्हेझे. वांग्यातली चिंच आणि वाइनमधला आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. वाइन जेवणाहून कमी आंबट असली तर ती फिकी, सपक लागते, एवढं सूत्र लक्षात ठेवा. अळूच्या फदफद्याबरोबरही याच कारणाने नेरेल्लो बसली.

काळ्या मसाल्याचं सुकं मटण आणि भाकरी असेल तर सापेराव्ही. तिच्या आंबटपणाने तूप-चरबी कापली जाते आणि जांभळाची चव वर राहते. पांढऱ्या रश्शाबरोबर कॅबर्ने फ्रां करून बघा. मेथीची भाजी आणि कारलं यांच्याबरोबर कुठलीच तुरट लाल नको, कडूपणा वाढतो.

मासळीचं विचाराल तर सांभाळून. लाल वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा वशट वास तोंडात उसळतो. तळलेल्या सुरमईबरोबर स्कियाव्हा एकदा जमली, बांगड्याबरोबर काहीच जमलं नाही.

घरात मोठी माणसं आहेत. त्यांना कसं सांगायचं?

लपवून करू नका. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात वाइन चाखलेली नाही आणि चाखणारही नाहीत. पण वाट्या त्या मांडतात. एकदा सहज पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गेल्या वर्षीचं आमसूल आहे, ओलसर राहिलेलं." आम्ही आठ जण अर्धा तास त्या वासाचं नाव शोधत होतो. तेव्हापासून क्सिनोमाव्रो असो की नेरेल्लो, पहिला पेला त्यांच्या नाकाशी जातो. श्रावणात बैठक नसते, गटातले निम्मे पाळतात.

असा गट जमवायला काय लागतं?

आठ माणसं, दोन बाटल्या. ७५० मिलीलिटरची एक बाटली आठांत वाटली की प्रत्येकी साधारण ९० मिलीलिटर येते, चाखायला पुरेशी. एकाच महिन्यात एकाच द्राक्षाच्या दोन बाटल्या घेता आल्या तर उत्तम, एक त्याच्या मुलखातली, एक दुसरीकडची. गाडी कुणीच आणायची नाही, येणं-जाणं रिक्षाने.

रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?

त्या कारणासाठी पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. १३ टक्क्यांची वाइन दीडशे मिलीलिटर घेतली की सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातो, मग द्राक्ष कितीही दुर्मीळ असो. गरोदर असाल, औषधं चालू असतील, किंवा थांबणं जमत नसेल तर वाट्यांच्या बाजूला बसा.

एखादी अजिबात आवडली नाही तर?

कॉर्क लावा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा बघा. माझी पहिली सापेराव्ही मी नुसतीच, मे महिन्याच्या दुपारी, कोमट प्यायले होते. वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे: 'शाई'. दुसऱ्या दिवशी घरी मटण होतं, बाटली गार होती. 'शाई'च्या खाली लिहिलेलं आहे: 'जांभूळ, मीठ लावलेलं.'